दसऱ्याला गेलेला काळा डबा

१

दसऱ्याला लोक आपट्याचं सोनं लुटतात. जांभबोडीत यंदा कोणीतरी मच्छीमार सोसायटीचा काळा डबाच लुटून नेला.

डबा म्हणजे रेकॉर्डर. तलावाच्या पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे, दोन कॅमेरे आणि कचेरीतला एक, या तिघांना जे जे दिसायचं ते सगळं या डब्याच्या पोटातल्या हार्ड डिस्कवर साठायचं. गावानं त्याचं डीव्हीआर हे खरं नाव एकदाच ऐकलं, पोटभर हसून घेतलं आणि बारसं करून टाकलं: डबा.

तो बसवणारी आचल सकाळी सावलीहून गाडी हाणत आली, तेव्हा कचेरीपुढं गर्दी जमली होती आणि सोसायटीचे अध्यक्ष डोमाभाऊ पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते. त्यांचा मोबाइल शेजारी उलटा पडला होता. महिन्याभरापूर्वी तो तलावात पडला, मग जांभबोडीच्या रिवाजाप्रमाणे धानाच्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, पुरला गेला आणि वाळून बाहेर आला तो चार्जिंगच्या भोकात धानाचा दाणा घेऊनच. आचलनं टाचणीनं काढून दिला होता.

"आचल, नाक कापलं वो बाई," डोमाभाऊ म्हणाले. "दुपारी पाच गावचे अध्यक्ष येऊन राह्यले. काय दाखवू त्याईले? रिकामी फळी?"

नाक डोमाभाऊंचं कापलं जात होतं, पण मान आचलची जात होती. पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या सिक्युरिटी टीममध्ये तिनं पाच वर्षं काढली होती. रोज हजारो नोंदी तपासायच्या, कुणी घुसतंय का ते बघायचं. पाच वर्षांत चोराचं नखसुद्धा दिसलं नाही. पगार वाढत गेला आणि कंटाळाही. शेवटी ती सामान बांधून सावलीला आली आणि तिनं तलावांवर कॅमेरे बसवायचं काम सुरू केलं. जांभबोडी तिचं पहिलं काम. आज ते पाहून पाच गावांनी होकार दिला तर धंदा उभा राहणार होता. नाही तर पुण्याचे पाटणकर सर वाट बघत होतेच. "टीम लीडची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे," ते म्हणाले होते, "पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांग." ती संध्याकाळ आजचीच.

"पोलिसात कळवलं का?" तिनं विचारलं.

डोमाभाऊ दचकले. "पोलिस नोको! पोलिस बिलकुल नोको!"

अध्यक्षांना पोलिसांचं एवढं वावडं का, हे आचलच्या मनात लगेच टोचलं.

२

कचेरी म्हणजे एक खोली. एका भिंतीला जाळी टांगलेली, कोपऱ्यात वल्ही आणि बांबू, मधे मासे तोलायचा तराजू. कालचा दसरा खोलीभर दिसत होता. जाळ्यांवर हळद-कुंकू, तराजूला झेंडूची माळ, वल्ह्यांना टिळे. दिवसभर दार सताड उघडं होतं आणि आपापलं सामान पुजायला अख्खं गाव येऊन गेलं होतं. म्हणजे संशयित कोण म्हणाल तर लहान लेकरं सोडून सगळे.

डब्याची फळी डोक्याच्या वर होती. आचल स्टुलावर चढली आणि चोरी बघायच्या आधी नेहमीप्रमाणे वायरी बघायला लागली. हार्डवेअरच्या माणसाची खोडच ती. माणूस खोटं बोलेल, वायर खोटं बोलत नाही.

मॉनिटर जागेवर होता. डब्याचा अडॅप्टरही तिथंच, वायर गुंडाळून ठेवलेला. कॅमेऱ्यांच्या तिन्ही वायरी ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीला जाळं विणायच्या दोऱ्याचा तुकडा बांधलेला. पहिल्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

"डोमाभाऊ, ह्या गाठी तुमी मारल्या?"

"म्या? मी त डब्याले हात बी नाई लावत."

फळीवर धुळीचा कण नव्हता. मागच्या बाजूला झेंडूची एक पाकळी आणि चिमूटभर कुंकू सांडलेलं. आचलनं पाकळी बोटानं बाजूला केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूची पाकळी कुठं नसते?

मग तिनं स्वतःचा मोबाइल उघडला. काल सकाळी डबा बंद पडल्याचा निरोप आला होता. सावली तालुक्यात लाइट गेली म्हणून कोणी कपाळाला आठी घालत नाही, तशी तिनंही घातली नव्हती. आता नीट वाचल्यावर तिच्या लक्षात आलं की निरोप एकच आहे. डबा चालू असताना कॅमेऱ्याची वायर ओढली की डबा लगेच ओरडतो: अमुक कॅमेरा दिसत नाही. तसा एकही निरोप नव्हता. म्हणजे चोरानं आधी प्लग काढला, मग वायरी सोडवल्या, त्यांना खुणेच्या गाठी मारल्या आणि मग डबा उचलला. इतका शिस्तीचा चोर तिला पुण्यातल्या पाच वर्षांत भेटला नव्हता.

"बाकी मजा अशी का," तिच्या मागून कोणी तरी म्हणालं, "चोराचा फोटो चोरीच्या मालातच गेला."

दारात हेमराज उभा होता. सावलीतल्या कॅमेरा-कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक. जांभबोडीचं काम त्याच्या हातून निसटून आचलला मिळालं होतं. त्याच्या ओठांवर हसू होतं आणि शर्टाच्या खिशात फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर.

३

"बातमी लवकर लागली तुमाले," आचल म्हणाली.

"मायबाई, गावात शिंकलं त सावलीत आयकू येते. मी म्हटलं, पोरीवर वेळ आली, जाऊन पाहू." हेमराजनं फळीकडं पाहिलं. "आता मीच नेला म्हनसीन."

"तुमी नेला का?"

"मी नेला असता त अडॅप्टर काऊन ठेवला असता? अडॅप्टरबिगर तो डबा म्हनजे वीट. आन् मॉनिटर? तो त पयले विकला जाते." त्यानं आवाज खाली आणला. "आन् तुहं काम बिघडवाचंच असतं, त डबा उचलून न्याची गरज का? दोन बटनं दाबली का सारं पुसते. खिसा बी जड होत नाई."

आचलला राग आला, कारण बोलणं बरोबर होतं. विकायचं असतं तर अडॅप्टर गेला असता. बिघडवायचं असतं तर डबा इथंच राहिला असता. आणि गाठी? जो परत लावणार नाही, तो वायरींना खुणा कशाला करील? हेमराजला तीन वायरी ओळखायला दोऱ्याची गरज नव्हती. चोर कॅमेऱ्यांतला जाणकार नव्हता आणि डबा परत ठेवायच्या इराद्यानं आला होता.

"मंग तुमी खरंच मले पाहाले आले?"

"धंद्यात लढू ना," हेमराज म्हणाला. "पन तुह्या डब्यावर डाका पडला त उद्या लोक म्हनतीन, कॅमेरेच बेकार असतेत. मंग माहं दुकान कोन चालवन?"

आचल पहिल्यांदाच हसली. मग डोमाभाऊंकडं वळली. "भाऊ, पोलिस काऊन नोको?"

डोमाभाऊंनी इकडंतिकडं पाहिलं आणि तिला जाळ्यांच्या आड नेलं. "कोनाले सांगू नोको. पाची अध्यक्षाईले म्या सांगतलं, का डबा मी सोता चालवतो म्हून. पोलिस इचारतीन, चालू कसा करता? काय सांगू? मले त त्याची लाल बत्ती बी माहीत नाई."

मोठ्या गुन्ह्याच्या शोधात निघावं आणि हाताशी असली फुशारकी लागावी! आचलनं तोंडावर ओढणी धरली. एक संशयित गेला, दुसराही गेला. पण डबा अजून आलेला नव्हता आणि ऊन चढत होतं.

तेवढ्यात बाहेरून कुंताबाईंनी हाक मारली. "आचल पोट्टे! त्या डब्यात पाळीवरचं सकाळचं बी दिसते का वो?"

त्यांचा आवाज कापत होता. गावात वाघाच्या डरकाळीलाही न घाबरणाऱ्या कुंताबाईंचा.

४

कुंताबाई मासे विकणाऱ्या बायांच्या पुढारी. तराजू त्यांच्याच हातात असायचा. आचल त्यांना घेऊन पाळीवर गेली. तलाव कमळाच्या पानांनी अर्धा झाकला होता आणि पलीकडं धान निसवून पिवळसर झालं होतं.

"कुंताबाई, खरं सांगा. सकाळी पाळीवर काय करता?"

"काई नाई."

"डबा सापडल्यावर दिसनच मले."

कुंताबाईंनी पदर तोंडात धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "स्कुटी शिकून राह्यली."

"काय?"

"भाचीची हाये. उजाडलं का पाळीवर चालवतो. दोनदा बेशरमाच्या झाडात गेलो, एकदा सरळ तलावात. सावलीच्या बाजारात मासे आपले आपन नेले त कोनाच्या ऑटोची गरज नाई ना. पन या वयात पडताना कोनी पाहिलं त? डोमा त जल्मभर हासन!"

आचल इतकी हसली की शेवटी कुंताबाईही हसायला लागल्या. "म्हनून तुमी डबा..."

"म्या? अवं बाई, मी त रोज देवाले मागतो का डबा जळून जावो. पन हात नाई लावला. दुसऱ्याच्या हत्याराले दसऱ्याच्या दिवशी कोन हात लावते?"

"म्हंजे?"

"हे बी माहीत नाई? पुण्यात राहून शहरी झाली तू." कुंताबाईंचा आवाज पूर्ववत झाला. "जो जे चालवते, त्यानंच ते धुवाचं, त्यानंच पुजाचं. माहा तराजू मीच पुजला. डोमाचं जाळं डोमानं. माह्या तराजूले दुसऱ्यानं कुंकू लावलं त सालभराची बरकत त्याच्या घरी जाते. लहान लेकरू बी हे मोडत नाई."

आचल काही बोलणार तोच कचेरीकडून आरडाओरडा झाला. लोक पाळीवरून धावत होते.

"देवानंद पळाला!" कोणी तरी ओरडलं. "सकाळपासून दिसला नाई. घरी बी नाई म्हन्ते त्याची बायको. देवानंदच चोर!"

५

देवानंद तलावाचा राखणदार. रात्री पाळीवर फिरायचं आणि जाळी टाकायला येणाऱ्या बाहेरच्या चोरांना हाकलायचं, हे त्याचं काम. उन्हाळ्यात कॅमेऱ्यांचा ठराव झाला तेव्हा भर सभेत उठून तो म्हणाला होता, "हा डबा माही भाकर खाईन." त्यामुळं आता कोणालाच पुरावा नको होता.

"मी पयलेच म्हन्तलं होतं," ज्यांनी काही म्हटलं नव्हतं ते सगळे म्हणत होते.

डोमाभाऊंनीही हात टेकले. "आता त पोलिसच बलावा लागते."

"थोडं थांबा," आचल म्हणाली आणि एकटीच कचेरीत शिरली. तिला देवानंद आवडत असे. डबा बसवला त्या दिवशी बाकीचे चहा पीत होते आणि तो एकटा स्टुलापाशी उभा राहून बघत होता. आधी प्लग, मग वायर. पाणी लागलं तर वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. हे तिनं सांगितलेलं त्यानं मान हलवत ऐकलं होतं. त्याला चोर म्हणायला तिची जीभ वळेना. पण आधी प्लग काढायची शिस्त? ती गोष्टही त्याच्याकडंच बोट दाखवत होती.

ती खोलीभर फिरली. डोमाभाऊंचं जाळं, टिळा. वल्ही, टिळे. तराजू, माळ. दारामागं देवानंदची काठी आणि बॅटरी टेकवून ठेवलेली.

आचल काठीपाशी थांबली. वाकून पाहिलं. काठी वरपासून खालपर्यंत हाताच्या घामानं तुळतुळीत झालेली आणि कोरडी ठणठणीत. हळद नाही, कुंकू नाही. बॅटरीवरही नाही.

जांभबोडीत लहान लेकरूही जे मोडत नाही, ते राखणदारानं मोडलं? दसऱ्याला त्यानं हत्यारच पुजलं नाही? की पुजलं, पण ते हत्यार काठी नव्हतं?

ती धावत फळीकडं गेली. त्या फळीवर डब्याशिवाय काही नसायचं. मग डोक्याहून उंच, भिंतीला चिकटलेल्या त्या फळीवर कुंकू कशाला आलं होतं? झेंडूची पाकळी उडत उडत तिथं जात नाही. तिथं कोणी तरी हात जोडले होते. धूळ पुसली होती, कारण पूजेच्या आधी हत्यार धुतात. वायरींना गाठी मारल्या, कारण धुऊन झाल्यावर डबा परत लावायचा होता.

आणि परत आला नाही, कारण तो धुतला होता!

"अरे देवा," आचल मोठ्यानं म्हणाली. जाळं धुतलं तर वाळतं. डबा धुतला तर माणूस घाबरतो. आणि जांभबोडीत घाबरलेला माणूस ओली झालेली वस्तू कुठं नेतो, हे डोमाभाऊंच्या मोबाइलनं तिला कधीच सांगून ठेवलं होतं.

"हेमराजभाऊ!" ती दारातून ओरडली. "दुकानातून ब्लोअर घेऊन या. धूळ उडवाचा. धावत जा!"

"कोनासाठी?"

"डब्यासाठी."

"कुठी हाये डबा?"

पण तोवर आचल देवानंदच्या घराच्या वाटेला लागली होती आणि मागून अख्खं गाव.

६

देवानंदची बायको रंजीताबाई दारात उभी होती. "ते घरी नाईत," ती म्हणाली. तिला खोटं बोलायची अजिबात सवय नसावी, कारण म्हणताना तिनं मागं वळून पाहिलं.

"रंजीताबाई, मी भांडाले नाई आलो. ढोली पाहाची हाये."

आत अंधारात बांबूच्या ढोलीला पाठ लावून देवानंद बसला होता. डोळे तांबारलेले. राखणदार तो राखणदारच. डबा धानात पुरून तो रात्रभर त्याची राखण करत बसला होता.

"काऊन सांगतलं नाई भाऊ?" आचल त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"कोन मानन?" देवानंद म्हणाला. "साऱ्यायसमोर म्हन्तलं होतं ना म्या, का हा माही भाकर खाईन म्हून. आता म्हन्तो का पूजेसाठी धुतला, त कोन मानन?"

"मी मानतो. तुमच्या काठीले कुंकू नाई."

देवानंदनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"बारा वर्सं पाळीवर फिरलो, बाई. बाहेरचे लोक येतेत, जाळं टाकतेत, असं सांगतलं का सारे म्हनेत, देवानंद झोपला असन, नाई त यानंच इकले असन मासे. तुहा डबा लागला आन् पयल्या महिन्यात तिघं सापडले. भर सभेत दाखवलं. त्या दिवसापासून माह्या बोलन्याले कोनी खोटं नाई म्हन्त." त्यानं ढोलीवर हात ठेवला. "मंग माहं हत्यार कोन्तं? काठी का डबा? प्लग काढला, जसं तू सांगतलं. ओल्या फडक्यानं पुसला. डब्याच्या जाळीतली धूळ निंघेना, म्हून लोटाभर पानी सोडलं. तवा आतून खळखळ आवाज आला आन् माहं काळीजच गेलं. दिवसभर उनात ठेवला, मंग धानात."

"चालू करून पाहिला का?"

"नाई! तू म्हन्तलं होतं ना, वाळल्याबिगर नाई."

आचलला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पुण्यात लोक फोन ओला झाला की आधी तीनदा बटण दाबून बघतात आणि मग दुरुस्तीला आणतात. तिनं ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. धान, धान, आणि मग नव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काही तरी चौकोनी.

दाराशी गर्दीत एकदम गलका झाला. "आले! अध्यक्ष आले! पाळीवर गाडी लागली!"

७

अध्यक्षांना चहा पाजायचं काम डोमाभाऊंवर सोपवलं. ते त्यांनी इतक्या मनापासून केलं की पाहुण्यांना तीन-तीन कप प्यावे लागले. तोवर कचेरीत आचलनं डब्याचं झाकण काढलं. आतून मूठभर धान निघालं. हेमराज गुडघ्यावर बसून ब्लोअर मारत होता आणि बडबडत होता, "दुसऱ्याच्या मालाची सर्व्हिसिंग करून राह्यलो मी. फुकटात!" आचलनं हार्ड डिस्क वेगळी काढली, तिचे दात, म्हणजे वायर बसते तिथल्या पिना, बारीक ब्रशनं पुसले, सर्किटच्या पट्टीवर कुठं गंजाचं पांढरं धरलंय का ते पाहिलं. धरलेलं नव्हतं. पण हार्डवेअरमध्ये दिसतं ते अर्धंच असतं. बाकीचं अर्धं प्लग लावल्यावर कळतं.

वायरी देवानंदनं लावल्या. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. पाच अध्यक्ष आत आले. कुंताबाई दारात, आणि त्यांच्या मागं गाव.

आचलनं बटण दाबलं.

काही झालं नाही. देवानंदनं डोळे मिटले. हेमराज पुटपुटला, "थांब, थांब, भिजलं यंत्र झोपेतून उठाले वेळ लावते." मग डब्यातून बारीकशी टूं निघाली, पंखा फिरायला लागला आणि पडद्यावर तलाव उगवला. कमळाची पानं, पाळ आणि पाळीवर शेपटी हलवणारं एक कुत्रं.

गावानं टाळ्या पिटल्या. डोमाभाऊंनी अध्यक्षांकडं असं पाहिलं, की जणू बटण त्यांनीच दाबलं होतं.

"जुनं दिसते का?" एका अध्यक्षानं विचारलं. "कालचं?"

आचलनं देवानंदकडं पाहिलं. मग तिनं काल सकाळचं लावलं. कचेरीतल्या कॅमेऱ्यात अंघोळ करून आलेला देवानंद दिसला, नवा शर्ट, हातात ताम्हण. स्टुलावर चढला. फळी पुसली, डबा धुवायला उतरवण्याआधी मान म्हणून तिच्यावर फूल ठेवलं, कुंकू वाहिलं आणि डब्याला हात जोडून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. ओठ हलत होते. मग त्याचा हात प्लगकडं गेला आणि पडदा काळा झाला.

सकाळी चोर-चोर करणारे आता जाळ्यांकडं बघत होते. डोमाभाऊ उठले, देवानंदसमोर गेले आणि खिशातून आपट्याचं पान काढून त्याच्या हातावर ठेवलं. "काल द्याचं राहून गेलं," ते म्हणाले. देवानंदला वाकायचं होतं, पण डोमाभाऊंनी त्याला मिठीच मारली.

"काय म्हनून राह्यला होता रे डब्याले?" कुंताबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"हेच का, माही गवाही देत जा बाप्पा," देवानंद म्हणाला. "आन् सकाळी पाळीवर जे दिसते ते कोनाले नोको सांगू."

कुंताबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो सगळं पाहत आला होता आणि त्यानं कोणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

पाचांतल्या सर्वांत म्हाताऱ्या अध्यक्षांनी पडद्याकडं पाठ केली. "हे पाय पोरी," ते आचलला म्हणाले, "कॅमेरे आमाले कोनीबी देईन. हा हेमराज बी स्वस्तात द्याले तयार हाये. पन लावून गेल्यावर त्याईले पाहाले कोन येते? आमच्या गावचा एक कॅमेरा दोन सालापासून आभाळाकडं पाहून राह्यला. हा देवानंद येत असन, त आमचा तलाव घे."

"आमचा बी," दुसरे म्हणाले. "आन् आमचा पयले," तिसरे म्हणाले, आणि मग कोणाचा तलाव आधी यावरून पाचही अध्यक्षांचं भांडण जुंपलं.

आचल देवानंदकडं वळली. "भाऊ, माह्यासंगं काम करसान? रात्रीची राखण सोडा लागन. मी सारं शिकवीन. फक्त पानी नाई टाकाचं."

"धूळ कशी काढाची मंग?"

"ब्लोअरनं," हेमराज मधेच बोलला. "माह्या दुकानात भेटते. तुमच्यासाठी भाव कमी करतो."

देवानंदनं रंजीताबाईकडं पाहिलं. ती गर्दीतून दोन्ही हातांनी हो म्हण, हो म्हण अशा खुणा करत होती.

संध्याकाळ व्हायच्या आधीच पाटणकर सरांचा फोन आला. आचल तो घेऊन पाळीवर गेली. कुंताबाई भरदिवसा, सगळ्यांदेखत, स्कुटीवरून डुगडुगत चालल्या होत्या आणि निम्मं गाव मागून धावत होतं.

"मग, काय ठरलं?" सरांनी विचारलं. "टीम लीड, आचल. असं पद लवकर मिळत नाही."

"सर, मी इथंच राहतेय."

सर माणूस म्हणून चांगले होते, त्यांना खरंच काळजी वाटत होती. "तुझी मर्जी. पण एक सांग, तिथं ग्रोथ काय आहे?"

आचलनं कचेरीकडं पाहिलं. देवानंद स्टुलावर चढून तिसऱ्या गाठीची वायर पुन्हा एकदा घट्ट बसवत होता.

"सर, सकाळी माझ्या कंपनीत मी एकटीच होते," ती म्हणाली. "आता आम्ही दोघं झालो."